मातीच्या लहान धरणाचा धोका-वर्ग कसा ठरतो?



गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर मातीचे लहान धरण असले, की पुराचा जोर कमी होतो, विहिरींना पाणी उतरते व काठची जमीन खरवडून जात नाही. हे फायदे आपल्या परिचयाचे आहेत. परंतु 'धरण लहान, म्हणून धोकाही लहान' ही समजूत बरोबर नाही. धरण फुटल्यास खाली कोण व काय सापडेल, यावर त्याचा धोका-वर्ग ठरतो.

अमेरिकेचा अनुभव

केवळ पूर अडविण्यासाठी मातीची लहान धरणे अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर बांधली गेली. ओक्लाहोमा राज्यात असे पहिले धरण १९४८ मध्ये झाले. आज त्या एका राज्यात अशी दोन हजारांहून अधिक धरणे आहेत. त्यांत एरवी थोडेच पाणी ठेवतात व वरची जागा पुरासाठी मोकळी असते. अडलेला पूर नळातून सावकाश सोडला जातो. जास्तीचे पाणी गवत राखलेल्या सांडव्यावरून निघून जाते.

या धरणांचे तीन वर्ग केले जातात. फुटल्यास मुख्यतः शेतीचेच नुकसान होणार असेल, तर तो कमी धोका. रस्ते, वीज, पाणीपुरवठा यांची मोठी हानी होणार असेल, तर मध्यम. माणसे दगावण्याचा संभव असेल, तर उच्च. शेते राखण्यासाठी बांधलेल्या अनेक धरणांखाली पुढे घरे झाली. धरण होते तेच राहिले, पण त्याचा वर्ग बदलला.

वर्ग आणि प्रकृती यांत गल्लत करू नये. 'उच्च धोका' म्हणजे धरण कमकुवत आहे, असा अर्थ नाही. उच्च वर्गातील धरण भक्कम असू शकते आणि कमी वर्गातील धरण जर्जर असू शकते.

आपल्याकडील स्थिती

रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. हे धरण सिंचनाचे होते. खालची वस्ती वाहून गेली व वीसच्या आसपास माणसांचा बळी गेला. धरणाच्या गळतीविषयी ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या.

धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये झाला. १५ मीटरपेक्षा उंच सर्व धरणे त्यात येतात. १० ते १५ मीटर उंचीची धरणे ठरावीक अटी लागू असल्यास येतात. उदाहरणार्थ, माथ्याची लांबी किमान ५०० मीटर किंवा साठा किमान १० लाख घनमीटर. अशा धरणांची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी करणे मालकावर बंधनकारक आहे. १० मीटरपेक्षा कमी उंचीचे पाझर तलाव या कायद्याबाहेर राहतात. म्हणून तेथे गावाचीच नजर महत्त्वाची ठरते.

काय पाहावे, काय टाळावे

१. पायथ्याशी थोडा स्वच्छ पाझर असू शकतो. तो वाढला किंवा गढूळ झाला, तर आतून माती वाहत आहे असे समजावे. ही सूचना तातडीची आहे.

२. माथ्यावरील भेगा, खचलेला भाग, खेकड्यांची व उंदरांची बिळे यांची नोंद ठेवावी.

३. जास्त पाणी साठावे म्हणून सांडव्यावर पोती वा दगड रचू नयेत. पाणी माथ्यावरून वाहू लागले, की मातीचा भराव काही तासांत कापला जातो.

४. पाइपलाइनसाठी भराव खोदू नये. त्यावर झाडे वाढू देऊ नयेत.

५. धरणाखाली नाल्याच्या पात्रालगत घर, गोठा किंवा मजुरांची वस्ती करू नये.

दोष आढळल्यास संबंधित खात्याला लेखी कळवून पोच घ्यावी. पाझर गढूळ दिसल्यास मात्र पत्राच्या उत्तराची वाट पाहू नये. खालच्या वस्तीला आधी हलवावे व लगेच तहसील कार्यालयास कळवावे.