झडप गळते, पण नेमकी किती? हृदयाच्या एमआरआयचा जमाखर्च

टू-डी इकोच्या रिपोर्टवर पुष्कळदा एक ओळ असते: 'मॉडरेट टु सिव्हिअर एमआर'. यातलं एमआर म्हणजे मायट्रल रिगर्जिटेशन, मायट्रल झडपेची गळती. एमआरआय तपासणीतलं एमआर वेगळं, तेवढी गल्लत करू नका. ही ओळ वाचली की घरचे विचारतात, 'डॉक्टर, म्हणजे ऑपरेशन करायचं की नाही?' आणि पंचाईत अशी की त्या ओळीत या प्रश्नाचं उत्तर नसतं. गळती मध्यम असेल तर थांबता येतं. तीव्र असेल तर थांबणं महागात पडू शकतं. अशा वेळी एमआरआय काय मदत करतो, ते आज आपण पाहू.

आधी थोडी उजळणी. हृदयाच्या डाव्या बाजूला वर अलिंद, खाली निलय, आणि दोघांच्या मध्ये मायट्रल झडप. निलय आकुंचन पावलं की ही झडप मिटते आणि रक्त महाधमनीतून शरीराकडे जातं. झडप नीट मिटली नाही, तर प्रत्येक ठोक्याला काही रक्त उलटं वर जातं. कारणं वेगवेगळी असतात. कुणाच्या झडपेचे पडदे सैल झालेले असतात, तर कुणाला लहानपणी घसा दुखल्यानंतर संधिवाताचा ताप येऊन गेलेला असतो. आपल्या देशात हे दुसरं कारण अजूनही महत्त्वाचं आहे.

आता गंमत बघा. गळती सुरू झाली तरी शरीर लगेच तक्रार करत नाही. निलय मोठं होतं, जास्त रक्त ढकलतं आणि वर्षानुवर्षं निभावून नेतं. पण एक वेळ अशी येते की स्नायू थकतो. त्यानंतर झडप दुरुस्त केली तरी त्याची ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. उलट बाजूनं, घाईनं ऑपरेशन केलं तर त्याचा धोका विनाकारण पत्करावा लागतो, आणि धातूची झडप बसवली तर रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभराची. म्हणून 'किती' हा प्रश्न इतका कळीचा आहे.

पहिली तपासणी इकोचीच, आणि ते योग्यच आहे. तो सहज होतो, स्वस्त आहे, आणि झडपेचे पडदे कसे हलतात, कुठून गळतं, हे उत्तम दाखवतो. अडचण येते ती मोजणीत. इकोत गळती रंगीत झोतासारखी दिसते, पण तो रंग रक्ताचा वेग दाखवतो, रक्त किती गेलं ते नाही. बागेतल्या नळीच्या तोंडावर बोट धरलं की पाणी लांब उडतं, पण म्हणून बादली लवकर भरते का? तसंच हे. भिंतीला घासत जाणारा झोत लहान दिसतो. ठोक्याच्या शेवटी क्षणभरच होणारी गळती, थांबवलेल्या चित्रात मात्र मोठी दिसते. इकोत आकडे काढायच्याही पद्धती आहेत, पण गळतीचं छिद्र गोल आहे अशासारखी काही गृहीतकं त्यात धरावी लागतात.

एमआरआय झोताकडे बघून अंदाज बांधत नाही. तो जमाखर्च मांडतो.

पहिली पायरी: निलयाचे, पावाचे काप करावेत तसे, एकाखाली एक आडवे छेद घेतात. प्रत्येक छेदात पूर्ण फुगलेलं आणि पूर्ण आकुंचलेलं निलय किती, ते मोजून बेरीज करतात. समजा फुगल्यावर 210 मिलिलिटर आणि आकुंचल्यावर 80. म्हणजे एका ठोक्याला 130 मिलिलिटर रक्त निलयातून बाहेर पडलं.

दुसरी पायरी: महाधमनीतून पुढे किती गेलं? चुंबकीय क्षेत्रात, वाहत्या रक्तातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणाऱ्या संदेशाची कला, म्हणजे फेज, वेगाच्या प्रमाणात सरकते. त्यावरून छेदाच्या प्रत्येक बिंदूतला वेग कळतो. वेग गुणिले क्षेत्रफळ, की प्रवाह मिळाला. समजा तो 70 मिलिलिटर निघाला.

बाहेर पडलं 130, शरीराला पोचलं 70. मग 60 गेलं कुठे? उलटं, अलिंदात. म्हणजे गळती 46 टक्के. झोत कसाही वाकडातिकडा असो, वजाबाकी बदलत नाही. फक्त दुसरीही झडप गळत असेल, तर तिचा हिशेब वेगळा धरावा लागतो.

याच उदाहरणात एक सापळा आहे. 210 पैकी 130 बाहेर, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन 62 टक्के. रिपोर्टवर हा आकडा छान दिसतो. पण शरीराला मिळालं 210 पैकी फक्त 70! म्हणूनच मायट्रल गळतीत हा आकडा 60 टक्के किंवा त्याखाली आला की डॉक्टर सावध होतात.

महाधमनीची झडप गळत असेल तर काम आणखी सरळ. तिथे पुढे जाणारं आणि मागे येणारं रक्त एकाच छेदात मोजता येतं. या गळतीवर ऑक्सफर्डचे सॉल मायर्सन आणि सहकाऱ्यांनी 2012 साली 113 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गळती 33 टक्क्यांपेक्षा जास्त असलेल्यांपैकी बहुतेकांना पुढे शस्त्रक्रिया लागली. त्याहून कमी असलेले बहुतेक जण तिच्याविना राहिले. मायट्रलबाबत 2015 साली अमेरिकेतला एक अभ्यास आला. शस्त्रक्रियेनंतर निलय किती आकसलं, याचा मेळ आधीच्या एमआरआयमधल्या गळतीशी चांगला बसला, इकोतल्या गळतीशी बसला नाही.

मग सगळ्यांनीच एमआरआय करावा का? नाही. इकोचं उत्तर स्वच्छ असेल आणि ते लक्षणांशी जुळत असेल, तर गरज नाही. इको 'तीव्र' म्हणतो पण निलय वाढलेलं नाही, किंवा इको 'मध्यम' म्हणतो आणि माणसाला जिना चढताना धाप लागते, अशा ठिकाणी तो उपयोगी.

त्यालाही मर्यादा आहेतच. चित्र अनेक ठोक्यांचं मिळून बनतं, त्यामुळे ठोके फार अनियमित असतील तर मोजणी बिघडू शकते. मधूनमधून दहा-पंधरा सेकंद श्वास रोखावा लागतो. बंद जागेची भीती वाटत असेल, पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल, तर आधीच सांगा. बहुतेक कृत्रिम झडपांना एमआरआय चालतो, तरी झडपेचं कार्ड सोबत न्या. क्ष-किरण यात नसतात, आणि नुसती गळती मोजायला रंगद्रव्याचं इंजेक्शनही लागत नाही.

रिपोर्ट हातात आला की तीन आकडे विचारून घ्या: ठोक्यामागे गळती किती मिलिलिटर, ती किती टक्के, आणि निलयाचं आकारमान किती. सहा महिन्यांनी, वर्षानं पुन्हा मोजाल तेव्हा हेच आकडे शेजारी ठेवून बघता येतील. 'मॉडरेट' या शब्दाची तशी तुलना करता येत नाही.