'नाक' गेले, 'कर' आले

सातारा-सांगलीच्या वस्त्यांत काम करताना तरुण मुले आम्हाला हमखास विचारतात : आडनाव बदलून शेवटी 'कर' लावू का? पुण्यात खोली शोधताना आडनाव ऐकले की घरमालकाचा सूर बदलतो, हा अनुभव त्यामागे असतो. म्हणून हा प्रत्यय आधी समजून घेऊ.

मराठीत 'कर' दोन आहेत. 'विणकर'मधला 'कर' म्हणजे करणारा. तो संस्कृत 'कृ' धातूतला. तासगावकर, मिरजकर यांतला 'कर' काहीच करत नाही, फक्त गाव सांगतो. गाव सगळ्यांचेच असते, त्यामुळे त्यावरून जात कळत नाही.

त्याआधी आपल्या माणसांच्या नावाला 'नाक' लागायचे. पंत, राव, नाक : नावाच्या शेपटावरून समाजातली पायरी कळायची. 'नाक'चे मूळ कोणी 'नायक'मध्ये शोधतात, कोणी 'नाग'मध्ये. आमच्या मते त्यात लाजण्यासारखे काही नाही. मिरज तालुक्यातल्या कळंबीचा सिदनाक १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत पटवर्धनांच्या बाजूने लढला. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर 'नाक'ने संपणारी २२ नावे कोरलेली आहेत. हेटाळणी आली ती गावगाड्यातून, शब्दातून नव्हे. (बाबासाहेबांचे आजोबा मालोजी, वडील रामजी. दोघे लष्करातले, आणि दोघांच्याही नावात 'जी'!)

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. या दिवशी आता विद्यार्थी दिन असतो. मूळ आडनाव सकपाळ. गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, म्हणून आंबडवेकर. कृष्णाजी केशव आंबेडकर या शिक्षकांनी स्वतःचे आडनाव दिले असे सांगतात. ते न मानणारेही आहेत. पण 'कर' लागला म्हणून साताऱ्याच्या शाळेत काही सुटले नाही. बसायला गोणपाट वेगळेच होते. आणि आज तर 'आंबेडकर' या आडनावामागे काहीच झाकले जात नाही, उलट ते सांगताना मान ताठ होते.

कोणी 'कर' लावला म्हणून त्याला पळपुटा म्हणणे आम्हाला पटत नाही. भाड्याची खोली ज्याला मिळत नाही, त्याला आपण घर देत नाही. बदलायचेच असेल तर राजपत्रात रीतसर बदला आणि त्याची प्रत जपून ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला जुन्याच नावाने असतो. शिष्यवृत्तीच्या वेळी दोन नावे एकाच माणसाची आहेत, हे त्या प्रतीनेच दाखवता येते.