गेरू, तांदळाचं पीठ आणि एक भिंत

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर घर सजवायला बाजार गाठावा लागत नसे. कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर गेरूचा हात, की भिंत तयार. वारली घरांत लग्नाला अशाच भिंतीवर सुवासिनी चौक, म्हणजे चौकटीतलं मंगलचित्र, लिहितात. पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ आणि टोक चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी, एवढंच साहित्य. हीच चित्रं वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सकाळी आसनगावहून लोकल पकडणाऱ्या कुटुंबाला सगळं घर रंगवायला वेळ कुठला? एकच भिंत घ्यावी. तिला गेरूच्या रंगाचा डिस्टेंपर द्यावा आणि त्यावर पांढऱ्या रंगाने त्रिकोण, वर्तुळं, रेघा जोडत नाचणारी माणसं, झाडं, बैल काढावेत. पीठ पुसलं जातं, म्हणून पक्क्या भिंतीवर अ‍ॅक्रिलिक बरा. खालचा पट्टा मुलांना द्यावा. त्यांच्या वाकड्या रेघाही शोभतात.

मात्र लग्नातला, वारल्यांच्या पालघाट देवीचा चौक पूजेचा आहे, तो शोभेसाठी उतरवू नये.

इथला पाऊस दांडगा, भिंती ओल धरतात. तेव्हा हे काम दसऱ्यानंतर, भिंत खडखडीत वाळल्यावरच काढावं.