समान हक्क म्हणजे समान रक्कम नव्हे

न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीत गव्हर्नर बर्क यांनी 1836 मध्ये चर्च कायदा केला. त्याने अँग्लिकन, कॅथलिक आणि प्रेस्बिटेरियन (स्कॉटिश परंपरेचा प्रॉटेस्टंट पंथ) यांना सारखे पैसे वाटले, असा समज आहे. प्रत्यक्षात सारखा होता तो नियम. गावाने लोकवर्गणी जमवावी आणि सरकारने तेवढीच भर घालावी, तसे हे होते: किमान 300 पौंड जमले की बांधकामाला तितकीच मदत, कमाल 1000 पौंड. यात श्रीमंत पंथाचे फावते, हा आक्षेप रास्तच. पण धर्मगुरूंचे वेतन वर्गणीवर नव्हे, उपासकांच्या संख्येवर ठरे: 100 प्रौढ असल्यास वर्षाला 100 पौंड, 500 असल्यास 200. अँग्लिकनांची संख्या मोठी, म्हणून वाटाही मोठा. त्यांची मक्तेदारी मात्र गेली.