उरलेल्या घासाची धग

शाळेच्या किचन शेडमागे विटांचा एक हौद आहे, असं समजा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तेवढाच उंच. विटांमध्ये वारा खेळायला फटी ठेवलेल्या. वरून नुसता पाचोळा दिसतो. जानेवारीतली गार सकाळ आहे, पोरं स्वेटर घालून प्रार्थनेला उभी आहेत. आदल्या आठवड्यात भरलेल्या या हौदात एक लोखंडी सळई मधोमध खुपसा, दहा मिनिटांनी उपसा आणि तिचं टोक मुठीत धरून पाहा. फार वेळ धरवत नाही. आत ५५ ते ६५ अंश सेल्सिअसची धग असते. काडी कोणी ओढलेली नाही, वीज कुठून घेतलेली नाही. आत आहे ती मुलांनी ताटात टाकलेली खिचडी, दुधीची सालं, कोथिंबिरीचे देठ आणि मैदानातला पाला.

ही धग त्या ताटातूनच येते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून ४५० किलोकॅलरी ऊर्जा आणि १२ ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत, असा हिशेब. एक किलोकॅलरी म्हणजे एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता. आता दोनशे मुलांच्या शाळेत प्रत्येकाने पंधरा ग्रॅमचा एकच घास टाकला, तरी तीन किलो खिचडी झाली. शिजलेल्या खिचडीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं. तरीही त्या तीन किलोंत ढोबळमानाने तीन हजार किलोकॅलरी दडलेल्या असतात. पन्नास लिटर पाणी साठ अंशांनी तापेल, एवढी ही उष्णता. अख्ख्या घराच्या आंघोळीची सोय झाली! मुलाने तो घास खाल्ला असता तर तीच ऊर्जा त्याच्या धावण्यात आणि अंग ३७ अंशांवर राखण्यात खर्ची पडली असती. त्याने टाकला, म्हणून तो दुसऱ्या कोणी तरी खाल्ला.

हे दुसरे कोणी म्हणजे जिवाणू आणि बुरशा. चिमूटभर कुजत्या पाल्यात त्यांची संख्या अब्जांत जाते. आधी जेवायला बसतात ते आपल्यासारख्याच बेताच्या तापमानात सुखाने राहणारे जिवाणू. साखर आणि स्टार्च ते भराभर फस्त करतात, आणि त्यांच्या खाण्याने ढीग तापू लागतो. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या पुढे मात्र त्यांनाच तिथे राहवत नाही. स्वतः निर्माण केलेल्या उष्णतेनेच ते हटतात. मग उठतात ते इतके दिवस पाल्यात, मातीत निपचित पडून राहिलेले उष्णताप्रेमी जिवाणू. त्यांना जोरच चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या पुढे चढतो. ढीग ५५ अंशांच्या वर सलग तीन दिवस राहिला, की बहुतेक रोगजंतू आणि तणांचं बी मरून जातं. सत्तरीच्या पुढे हे उष्णताप्रेमीही दमतात आणि ढीग आपसूक निवायला लागतो. (ओल्या गवताच्या, लाकडाच्या भुशाच्या प्रचंड गंजी मात्र कधी कधी आतल्या आत तापत जाऊन खरोखर पेट घेतात. शाळेच्या हौदाला ती भीती नाही.)

तीन फुटांचा आग्रह याचसाठी. ढीग लहान असला तर तयार झालेली उष्णता चारी बाजूंनी निसटते. गॅलरीतल्या कुंडीत खत होतं, पण कुंडी कधी तापत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रश टर्की नावाच्या पक्ष्याला हे गणित पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नर पाचोळ्याचा मोठाला ढीग रचतो, मादी त्यात अंडी घालते आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उबेवर ती उबतात. नर ढिगात चोच खुपसून तापमान जोखतो. कमी वाटलं तर पाला वाढवतो, जास्त वाटलं तर उपसतो. तिसरी-चौथीच्या मुलांच्या हाती सळई आणि वही दिली, की तीही हेच करतात. फक्त त्यांना ते फळ्यावर आलेख काढूनही दाखवता येतं.

ज्या शास्त्रावर हे सगळं चालतं, त्याचा एक मोठा धडा आपल्या शेजारी, होळकरांच्या इंदुरात लिहिला गेला. १९२४ ते १९३१ या काळात तिथल्या वनस्पती-संशोधन संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि रसायनाचं काम पाहणारे यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग ठरल्या वेळी उलथून, तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. जगभर ती आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. १९३१ साली निघालेल्या पुस्तकावर दोघांचीही नावं आहेत. पुढे कीर्ती बहुतेक एकट्या हॉवर्डच्या वाट्याला आली, वाड मागे पडले. उकिरडा आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या होताच, पण तो नुसता साठत राही. इंदुरात भर होता मोजण्यावर: कशात काय, किती ओलं, किती कोरडं, कधी उलथायचं.

मोजायचं ते कार्बन आणि नायट्रोजन. जिवाणूंना नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे पंचवीस-तीस भाग मिळाले की ते खुशीत असतात. खिचडी, डाळ, भाजीची सालं यांत नायट्रोजन जास्त असतो, वाळक्या पानांत कार्बन. म्हणून एक बादली ओल्यामागे दोन-तीन बादल्या पाला, असा साधा हिशेब शाळेत चालतो. पण इथेच दिनदर्शिका आडवी येते. शाळा भरते जूनमध्ये, पावसात. तेव्हा वाळकं पान औषधालाही मिळत नाही. पिंपळ, बदाम, साग, करंज यांची पानगळ असते माघ-फाल्गुनात, परीक्षांच्या तोंडावर, आणि तेव्हा ती पानं झाडून मैदानाच्या कोपऱ्यात पेटवून द्यायची आपल्याला भारी हौस. ज्या शाळेला हे काम खरंच करायचं असेल, तिचं वर्ष फाल्गुनात सुरू व्हायला हवं. वीस-पंचवीस पोती पाला भरून पत्र्याखाली कोरडा ठेवला, तर जूनची पहिली खिचडी उरेल तेव्हा तिच्यावर टाकायला काही तरी हाताशी असतं. हौद बांधायला एक दिवस पुरतो. पाला जमवायला धोरण लागतं.

रोजचं काम पंगत उठताना होतं. हात धुवायच्या नळाशी पोचण्याआधी दोन बादल्या: एकीत खरकटं, दुसरीत केळ्याची सालं, अंड्याची टरफलं. किचन शेडमधल्या मदतनीस ताईंची सालं-देठांची तिसरी बादली वेगळी. पाचवीतले दोन जण बादल्या वजनकाट्याला लावतात, एक जण आकडा लिहितो. हौदापर्यंत न्यायला, दाताळ्याने उलथायला मोठा माणूस लागतो, आणि तो शिक्षक असू नये असं माझं मत आहे; शिक्षकांच्या डोक्यावर आधीच कमी कामं नाहीत. गावात निवृत्त झालेले, पहाटे उठून बसणारे आणि शेतीची सवय न सुटलेले कोणी ना कोणी असतात. त्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा तास बोलवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत ढिगावर पाणी शिंपडणारंही कोणी तरी हवंच. नाही तर मुलांच्या सुट्टीत हौद कोरडा ठणठणीत पडतो आणि जूनमध्ये तसाच्या तसा सापडतो. बरेच उपक्रम इथेच संपतात.

ओल तपासायची चाचणी मुलांची आवडती. मूठभर माल घट्ट पिळायचा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर पाला घाला. काहीच आलं नाही तर पाणी. मग साबणाने हात धुवायचे, यात सूट नाही.

खिचडी हा मात्र खट्याळ माल आहे. सालं एकमेकांवर पडली तरी मध्ये हवा राहते. शिजलेल्या भाताचा गोळा होतो आणि आत हवा शिरत नाही. हवा संपली की पाहुणे बदलतात. बिनहवेचे जिवाणू आंबट, सडक्या अंड्यासारखा वास सोडतात आणि दुसऱ्याच दिवशी शेजारचे लोक मुख्याध्यापकांकडे येतात. उपाय एकच: गोळा हौदात तसाच न फेकता घमेल्यात पाल्याशी कालवून, मोकळा करून टाकायचा आणि वरून बोटभर नव्हे, वीतभर पाला झाकायचा. उघडं खरकटं दिसलं की माशा, मग उंदीर, मग कुत्री, या क्रमाने सगळे हजर होतात. पावसाळ्यात कधी करड्या रंगाच्या, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्यांचा थवाच्या थवा निघतो आणि मुलं किंचाळत पळतात. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या असतात. घरमाशीसारखी ही माशी आपल्या ताटावर येऊन बसत नाही, आणि तिच्या अळ्या उरलेलं अन्न बघता बघता संपवतात. हाकलू नका.

दोन-तीन आठवड्यांनी धग ओसरली, की खाणाऱ्यांची तिसरी पंगत बसते. गांडुळं याच टप्प्यावर सोडायची. तापलेल्या ढिगात ती बिचारी शिजतात. याच वेळी पाल्यावर राखेसारखा पांढुरका थर दिसतो. तो ॲक्टिनोमायसिट्स नावाच्या जिवाणूंचा, जे पानांतले चिवट तंतू फोडतात. त्यांच्यातल्याच एकापासून १९४३ साली क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन हाती लागलं. आणि पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, त्याच्या मुळाशी यांनीच तयार केलेलं जिओस्मिन आहे. आपलं नाक त्याच्या बाबतीत इतकं तिखट की लाख कोटी भागांत चार-पाच भाग असले तरी ते ओळखतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की हा वास मातीतल्या स्प्रिंगटेल या उड्या मारणाऱ्या इवल्या जिवांना बोलावण्यासाठी आहे. ते जिवाणू खायला येतात आणि अंगाला चिकटलेले बीजाणू दुसरीकडे पसरवतात. मृद्गंधाने आपण भारावतो, पण आमंत्रण आपल्याला नसतंच.

तोवर ढीग निम्म्याहून खाली बसलेला असतो. ‘सर, कोणी चोरून नेलं का?’ हा प्रश्न ठरलेला. तो टाळू नये, कारण उत्तर सबंध प्रकरणात सर्वांत सुंदर आहे. पाल्यातला बराचसा कार्बन जिवाणूंच्या श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेला. मैदानातल्या बदामाने गेल्या वर्षी हवेतूनच तो घेतला होता. उरलेलं काळं, भुसभुशीत खत थोडं ओलं करून चाळायचं, म्हणजे धूळ आणि बुरशीचे बीजाणू उडत नाहीत. दमा असलेल्या मुलांना या कामापासून लांब ठेवावं. चाळणीवर राहतं ते बघण्यासारखं असतं: कोथिंबिरीच्या जुडीची रबरं, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, गोट्या, पोषण आहाराचे हरवलेले चमचे आणि जवळजवळ धक्काही न लागलेली अंड्याची टरफलं.

चाळलेलं खत परसबागेतल्या वांग्याला, मेथीला, कढीपत्त्याला जातं. मात्र सहा महिन्यांनी वजनाच्या वहीत एक गंमत दिसू लागते. फळ्यावर रोज आकडा लिहिला जातो, वर्गावर्गांत चुरस लागते आणि ताटातलं टाकणं कमी होत जातं. स्वयंपाकी ताईही अंदाज बदलतात. उपक्रम नीट चालला की हौद उपाशी पडायला लागतो! माझ्या मते तो इतका उपाशी पडणं हेच खरं यश, कारण खिचडीची जागा मुळात पोटात आहे. पण ढीग तीन फुटांचा झाला नाही तर तापणार नाही, आणि मुलांना तर सळई खुपसायचीच असते. मग आठवडी बाजाराच्या संध्याकाळी भाजीवाल्यांकडून कोबीची वरची पानं आणि फ्लॉवरचे दांडे मागून आणावे लागतात. ती पाण्याने भरलेली असतात, तेव्हा त्या दिवशी पाल्याचं एक पोतं जास्त उघडावं.