टाळेबंदीतील फूलशेती व थेट साहाय्य

बेंगळुरूच्या आग्नेयेकडील बेळ्ळंदूर आज माहिती-तंत्रज्ञान कंपन्या व निवासी संकुलांमुळे परिचित आहे. एकेकाळी तेथील तलावाच्या पाण्यावर भात व भाजीपाला पिकत असे. ती शेती आक्रसली. महानगराला फुले व भाजी पुरविणारा शेतकरी आता शहराच्या सीमेबाहेर असला, तरी त्याचे उत्पन्न शहराच्या बाजारावरच अवलंबून आहे. २५ मार्च २०२० रोजी, नेमक्या युगादीच्या म्हणजे आपल्या गुढीपाडव्याच्या दिवशी, देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. देवालये बंद, विवाह स्थगित. नाशवंत फुले शेतातच टाकून द्यावी लागली.

६ मे २०२० रोजी कर्नाटक शासनाने १,६१० कोटी रुपयांचे पॅकेज घोषित केले. त्यानुसार फूलउत्पादकांना हेक्टरी २५,००० रुपये, कमाल एक हेक्टरपर्यंत, देण्याचे ठरले. वीस गुंठ्यांच्या मळ्याला या दराने सुमारे ५,००० रुपयेच मिळतात. पुढे फळे व भाजीपाल्यासाठी हेक्टरी १५,००० रुपये जाहीर झाले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मात्र हा दर १०,००० रुपयांवर आला.

केंद्राने पीएम-किसान योजनेचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिल २०२० मध्ये दिला. परीक्षार्थींनी येथे एक भेद ध्यानात घ्यावा : ही नवी रक्कम नव्हती, वार्षिक ६,००० रुपयांतीलच एक हप्ता लवकर देण्यात आला होता. शिवाय या योजनेची पात्रता जमीनधारणेवर ठरते. दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा, ज्याची फुले प्रत्यक्षात कुजली, तो तिच्या यादीत येत नाही. हप्ता पहाणीवर, म्हणजे कर्नाटकातील सात-बारावर, ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात जमा होतो.