दुकानातील गाणे, लग्नातील गाणे आणि कापडावरचा चेहरा

लग्नसराईतील गोष्ट. दुकानात गिऱ्हाईक मावत नव्हते आणि कोपऱ्यातील स्पीकरवर जुनी फिल्मी गाणी चालू होती. एक गृहस्थ कागद घेऊन गल्ल्यापाशी आले आणि म्हणाले, "विनापरवाना गाणी वाजवता, गुन्हा दाखल होईल." कागद इंग्रजीत होता, आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. चार लोकांत शोभा नको म्हणून आम्ही आठ हजार रुपये रोख देऊन मोकळे झालो. रात्री हिशेब लिहिताना ध्यानात आले की पावती नाही, परवाना नाही आणि कोणती गाणी कोणाच्या मालकीची याचा कागदावर उल्लेखही नाही. नंतर वकिलांकडे बसून जे समजून घेतले, ते नांदेडच्या वजिराबाद-इतवाऱ्यातील आणि लातूरच्या गंजगोलाईतील व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

पहिली गोष्ट ही की, ते गृहस्थ सर्वस्वी खोटे बोलत नव्हते. कॅसेट विकत घेतली म्हणजे कॅसेट आपली झाली, गाणे आपले झाले नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार घरात गाणे ऐकणे वेगळे आणि दुकानात, हॉटेलात किंवा सलूनमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला हक्कदाराची परवानगी लागते. मोबाईलवरील गाण्यांच्या ॲपची वर्गणी भरली तरी बहुतेक ॲपच्या अटींत ती खासगी वापरासाठी असल्याचे लिहिलेले असते.

"गाणे जुने आहे, आता कोण विचारतो?" असे आपल्यापैकी बरेच जण म्हणतात. एका गाण्यात तीन हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षे चालतो. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार व संगीतकार यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालतो. 'मुगल-ए-आझम' 1960 चा. त्या वर्षीच्या ध्वनिमुद्रणाची मुदत 2020 अखेर संपली. पण गीतकार शकील बदायुनी 1970 साली वारले, म्हणून शब्दांचा हक्क 2030 अखेरपर्यंत आहे. संगीतकार नौशाद 2006 साली गेले, त्यामुळे चालीचा हक्क 2066 पर्यंत जातो.

आता वसुली कोण करतो ते पाहू. शब्द आणि चालीसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे. ध्वनिमुद्रणासाठी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड व नोव्हेक्स या कंपन्या परवाने देत आल्या आहेत. या दोन कंपन्या कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदलेल्या नाहीत, मग त्यांना पैसे मागता येतात का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. जानेवारी 2024 मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, हक्क ज्याच्या मालकीचा आहे किंवा ज्याच्या नावे करून दिलेला आहे, तो स्वतः परवाना देऊ शकतो. म्हणजे "तुमची नोंदणी नाही" एवढे म्हणून आपली सुटका नाही. पण हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी व सहीनिशीच करावा लागतो. तेव्हा "तो कागद दाखवा" असे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

लग्नाचा प्रश्न निराळा आहे. धार्मिक समारंभात गाणे वाजवले तर तो हक्कभंग नाही, असे कायद्याच्या कलम 52 मध्ये म्हटले आहे आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक कार्यक्रम येतात. केंद्र सरकारने 24 जुलै 2023 रोजी तशी जाहीर सूचनाही काढली. निकाहची बारात असो की वलीम्याची दावत, सवलतीचा आधार हे कलमच. मात्र गोवा सरकारने 2024 च्या जानेवारीत याच विषयावर काढलेले परिपत्रक उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. सवलत जेवढी कायद्यात आहे तेवढीच, परिपत्रकाने ती वाढवता येत नाही, हे त्यावरून ध्यानात घ्यावे. दुकानाचे उद्घाटन किंवा सेलचा मंडप या सवलतीत बसत नाही.

आता आपल्या कापडाविषयी. चित्रपटाचे पोस्टर किंवा कार्टूनचे चित्र टी-शर्टवर छापणे ही त्या चित्राची नक्कल आहे. असा माल फौजदार दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय जप्त करू शकतो. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आणि दंड 50 हजारांपासून 2 लाखांपर्यंत आहे. कलावंताच्या चेहऱ्याचेही तसेच. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये अमिताभ बच्चन यांचे नाव, आवाज व छबी विनापरवानगी वापरण्यास मनाई केली, त्यात टी-शर्टवाले होते. मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये आशा भोसले यांच्या बाजूने असाच अंतरिम आदेश दिला. छपाई करणाऱ्या कारागिराने "ऑर्डर शेठची होती" या शब्दावर विसंबू नये. परवानगीच्या कागदाची प्रत आधी घ्यावी, फ्रेम मग बनवावी.

नोटीस आली तर घाबरू नये आणि फाडूनही टाकू नये. कोणती गाणी, मालक कोण, हक्काचे करारपत्र कोठे, छापील दरपत्रक कोठे, हे लेखी विचारावे. पैसे द्यायचे ठरले तर बँकेमार्फतच द्यावेत आणि परवान्यावर दुकानाचे नाव व मुदत पाहून घ्यावी. कोणी बिनबुडाची धमकी देत असेल तर कलम 60 खाली आपणही दिवाणी न्यायालयात जाऊन मनाई मागू शकतो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगावीशी वाटते. पूर्वी गीतकार-संगीतकारांना बहुधा एकदाच मोबदला मिळे, पुढची कमाई निर्मात्याची व कंपनीची. 2012 च्या दुरुस्तीने गाण्याच्या रॉयल्टीत त्यांचा वाटा कायम केला. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत बाजू मांडली होती. मागावर बसणाऱ्याची मजुरी बुडू नये असे आपण म्हणतो, तर गाणे विणणाऱ्याचीही बुडू नये. आमचे आठ हजार गेले याचे दुःख नाही. त्यातला एक रुपयाही गाणे लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचला असेल असे वाटत नाही, याचे आहे. म्हणून द्यायचे तर हक्कदाराला द्यावे, आणि पावती घेऊनच द्यावे.